कुलपाचें गुपित

गेल्या वर्षीं आमच्या ग्रंथालयांतील एका कपाटाची किल्ली हरवली, म्हणून किल्लीवाल्यास बोलावलें. त्यानें पिशवींतून एक वांकडी तार व एक चपटी पट्टी काढली, आणि पांच मिनिटें होण्यापूर्वींच कुलूप उघडलें. भोंवतीं वरच्या वर्गांतील मुलांचा घोळका जमला होता. "हें पाहण्याजोगें नाहीं," असें म्हणून आम्हीं त्यांस वर्गांत पिटाळलें. जातां जातां एकानें विचारलें, "सर, कुलूप असें उघडतें, तर मग तें लावायचें तरी कशाला?" त्या वेळीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. मुलांना पिटाळण्यांत आमची चूक झाली, असें आतां वाटतें.

त्या जातीच्या कुलपाची रचना अवघड नाहीं. बाहेर एक स्थिर कवच असतें व आंत फिरणारा गोल गाभा. दोहोंमधून एका ओळींत चार-पांच छिद्रें पाडलेलीं असतात. प्रत्येक छिद्रांत एकावर एक अशा दोन लहान खुंट्या असून वरून एक स्प्रिंग त्यांना खालीं दाबीत असते. किल्ली नसतां वरची खुंटी कवच व गाभा या दोहोंत अडकून बसते, व गाभा फिरत नाहीं. योग्य किल्लीचे दाते खुंट्यांस नेमके इतकेच उचलतात कीं, प्रत्येक जोडीमधील सांधा कवच व गाभा यांच्या सीमेवर येतो. मग गाभा सहज फिरतो. खुंट्या उचलण्याचें हेंच तत्त्व प्राचीन मिसर देशांतील लांकडी कुलपांत होतें. अमेरिकेंतील धाकटा लायनस येल यानें १८६१ व १८६५ सालीं पेटंटें घेऊन त्यास आटोपशीर रूप दिलें.

मग तें किल्लीवांचून उघडतें कसें? मनुष्याच्या हातची कोणतीही वस्तु पूर्णपणें बिनचूक नसते. छिद्रें एका रेषेंत पाडलीं तरी केसभर फरक राहतोच. म्हणून पट्टीनें गाभ्यास हलका पीळ दिला असतां सर्व खुंट्या सारख्या अडत नाहींत. एक आधीं अडते. ती तारेनें हळूच उचलली कीं सीमेच्या वर जाऊन तेथेंच राहते, व गाभा किंचित् वळतो. मग दुसरी अडते, मग तिसरी. सगळा खेळ बोटांच्या स्पर्शाचा आहे.

हें ज्ञान लपवून ठेवावें काय, हा वाद जुना आहे. लंडनमध्यें जोसेफ ब्रामा यानें १७८४ सालीं आपल्या कुलपाचें पेटंट घेतलें. पुढें त्याच्या दुकानाच्या खिडकींत एक कुलूप ठेवून, तें उघडणारास २०० गिनी देऊं, असें जाहीर केलें गेलें. कित्येक वर्षें तें कोणासही उघडतां आलें नाहीं. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळीं आल्फ्रेड हॉब्ज हा अमेरिकन कारागीर तेथें आला. त्यानें प्रथम चब यांचें प्रसिद्ध कुलूप सुमारें २५ मिनिटांत उघडलें. नंतर १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून ब्रामाचेंही उघडलें व इनाम मिळविलें. मोठी खळबळ उडाली. ही तर चोरांस विद्या शिकविणें झालें, असें पुष्कळांस वाटलें. परंतु परिणाम असा झाला कीं, कारखानदार आपल्या कुलपांतील दोष शोधून तीं सुधारूं लागले.

चोर ही विद्या आमच्याकडून शिकण्याची वाट पाहत बसत नाहीं. बहुधा त्याला पहारच पुरते. अज्ञानानें नुकसान होतें तें सज्जनाचें. कुलूप झळकतें एवढ्यावरच तो विसंबून राहतो. दोष उघड झाला तर कारागीर तो काढूं शकतो व गिऱ्हाईक पारखून माल घेतें.

कोवळ्या वयांत कुतूहलाचा पाय घसरण्याचा संभव असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. पण त्यावर उपाय अज्ञान नव्हे, नियम होय. कुलूप आपलें असावें, अथवा मालकानें स्वतः सांगितलेलें असावें. आणि रोजच्या वापरांतील कुलपावर प्रयोग करूं नये, कारण तें बिघडतें. एवढें ज्यास पाळतां येतें, त्याच्या हातीं ही विद्या देण्यास आम्हांस भय वाटत नाहीं.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर ब्रामाच्या कुलपानेंच दिलें आहे. कुलूप हें अभेद्य नसतें. तें वेळ खातें. आणि चोराजवळ जी वस्तु सर्वांत थोडी असते, ती वेळच. पुढच्या खेपेस किल्लीवाला येईल तेव्हां विद्यार्थिमित्रांनीं जवळ येऊन उभें राहावें. आम्हीही त्यांच्यांत उभे राहूं.