आभाळातला टॉवर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी बालाघाटला घरी होतो. लंडनहून दिल्लीला निघालेल्या माझ्या मामेभावाचा चक्क विमानातून निरोप आला : "कास्पियन समुद्रावर आहे. आजीला सांग, परवा घरी पोचतो." मी तो आजीला वाचून दाखवला. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "आभाळात टावर कोनं गाडला गा?"

आम्ही सारे हसलो. पण त्याच संध्याकाळी बैहरच्या पलीकडील, मैकल डोंगरातल्या एका गावाहून माझी आत्येबहीण आली. तिचा शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत गेला नव्हता. शेवटचे दोन दिवस ती मोबाइल घेऊन गावामागची टेकडी चढत होती. पान अर्धे उघडे आणि बंद पडे. समुद्रावरून उडणाऱ्या माणसाचा निरोप पोचतो आणि टेकडीवर उभ्या असलेल्या मुलीचा अर्ज पोचत नाही, हे कसे? हा प्रश्न घेऊनच मी कॉलेजात परतलो आणि मिळेल ते वाचू लागलो.

विमानात इंटरनेट दोन मार्गांनी येते. एका पद्धतीत जमिनीवरचे टॉवर आकाशाकडे तोंड करून उभे असतात आणि विमानाच्या पोटाखालचा अँटेना त्यांच्याशी बोलतो. समुद्रावर अर्थातच टॉवर नसतात. तिथे उपग्रह लागतो. विमानाच्या पाठीवर एका उंचवट्याखाली अँटेना बसवलेला असतो. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरील उपग्रहाकडे लहरी पाठवतो. उपग्रह त्या जमिनीवरील केंद्राकडे उतरवतो आणि तिथून पुढे नेहमीचे तारांचे जाळे. उत्तर याच वाटेने परत येते. या जाण्यायेण्यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो. आता सुमारे ५५० किलोमीटरवर फिरणारे उपग्रहही आल्याने हा वेळ पुष्कळच घटला आहे. प्रवाशाचा मोबाइल मात्र उपग्रहाशी बोलत नाही. तो विमानातल्या वाय-फायशी बोलतो. म्हणजे छपरावर एक अँटेना आणि खाली दीडदोनशे माणसे त्याचे वाटेकरी!

आपल्या देशात यासाठीचे नियम डिसेंबर २०१८ मध्ये झाले. जमिनीवरील मोबाइल जाळ्याला अडथळा होऊ नये म्हणून किमान ३,००० मीटर उंचीची अट घातली गेली. सप्टेंबर २०२० मध्ये भारतीय कंपन्यांपैकी प्रथम 'विस्तारा'ने परदेशी उड्डाणांत ही सोय दिली. पुढे ती कंपनी एअर इंडियात विलीन झाली आणि जानेवारी २०२५ पासून एअर इंडियाच्या काही देशांतर्गत विमानांतही ती सोय आली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आपला जीसॅट-एन२ हा ४,७०० किलो वजनाचा उपग्रह अमेरिकेतून सोडण्यात आला. विमानांना इंटरनेट पुरवणे हाही त्याचा एक उद्देश आहे. त्याचे ३२ झोत देशावर पडतात. त्यांपैकी ८ ईशान्य भारतावर, बाकीचे इतरत्र.

माझा मुद्दा इथेच आहे. असा झोत विमानावर पडतो, तसाच त्या विमानाखालच्या रानावरही पडतो. वाटेत बैहरचे जंगल आले म्हणून तो वळसा घालून जात नाही. शिवाय विमान ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगाने पळत असते. त्याच्या अँटेनाला सतत उपग्रहाचा माग ठेवावा लागतो, म्हणून तो महाग. गाव तर जागचे हलतही नाही! मग विज्ञानाची अडचण कोणती? काहीच नाही. अडचण पैशाची आहे. विमानातले प्रवासी खर्च सोसू शकतात, रानातले गावकरी सोसू शकत नाहीत.

कोणी म्हणेल, विमानातली ही चैन बंदच करा. मला ते पटत नाही. माझ्या आजीला त्या निरोपाने झालेला आनंद खोटा नव्हता. माझे म्हणणे एवढेच की विमानाची तीच रचना गावात उतरवावी. शाळेच्या छपरावर एक अँटेना, खाली सर्वांसाठी वाय-फाय. भारतनेट योजनेत तार न पोचणाऱ्या काही ग्रामपंचायती उपग्रहाने जोडल्याही आहेत. पण विद्यार्थ्याला गरज पडेल त्या वेळी ती सोय उघडी असली पाहिजे, बिघडली तर दुरुस्त करणारा माणस जवळ असला पाहिजे.

हे स्वप्नरंजन नव्हे. १९७५-७६ साली 'साइट' या प्रयोगात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवली गेली. माझा मध्य प्रदेश त्यात होता आणि या अंकातील आपल्या कन्नड मित्रांचा कर्नाटकही होता. त्या काळी देशातल्या बहुतेक शहरांतही दूरचित्रवाणी नव्हती. तरी उपग्रहाची ताटली आधी खेड्यातल्या संचाला लागली, कारण तसे ठरवणारी माणसे होती. आज उपग्रह आपले आहेत. ठरवणे तेवढे बाकी आहे.

निघताना मी आजीला सांगितले होते की आभाळात टॉवर नाही, वरून लहरी पडतात. तिने विचारले, "मंग आपल्या पोरीच्या गावावर काऊन नाही पडत?" तेव्हा मला उत्तर आले नव्हते. आता येते. पडतात, आजी. त्या झेलायला तिथे कोणी ताटली लावलेली नाही.