मुलीचा नंबर भिंतीवर

परवा संध्याकाळी आमच्या इमारतीतल्या वहिनी घाईघाईनं वर आल्या. त्यांची लेक यंदाच दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका विद्यापीठात शिकायला गेली. वसतिगृहात जागा मिळाली म्हणून पेढे वाटून महिनाही झाला नव्हता. "ताई, पोरीला रात्री-अपरात्री फोन येतायत हो. नाव माहीत, खोली नंबर माहीत. हे म्हणतात, बास झालं शिक्षण, घेऊन या तिला घरी."

मला आधी वाटलं, पोरीनं कुठे तरी इंटरनेटवर नंबर दिला असेल. बघा, पहिला संशय आपण मुलीवरच घेतो! प्रत्यक्षात तिनं नंबर दिला होता तो फक्त वसतिगृहाच्या अर्जात. कार्यालयानं प्रवेशाची यादी केली आणि नाव, प्रवर्ग, वडिलांचं उत्पन्न, खोली नंबर, मोबाइल असे सगळे रकाने तसेच ठेवून ती फाटकाजवळच्या फलकावर डकवली. कुणी तरी फोटो काढला आणि तो ग्रुपाग्रुपांतून फिरला. कुलूप फोडायला कोणी हॅकर लागलाच नाही.

वहिनींनी विचारायला फोन केला, तर उत्तर मिळालं, "मॅडम, पारदर्शकता नको का?" हवी ना! पण ती कशाची? प्रवेश कोणत्या क्रमानं दिला, याची. त्यासाठी अर्ज क्रमांक आणि गुण पुरतात. मोबाइल नंबर लावून कोणता कारभार पारदर्शक होतो, हे मला तरी उमगलेलं नाही.

मैत्रिणींनो, आपली मुलगी विद्यापीठाला काय काय देते, याचा कधी हिशेब केलाय? आधार, बँकेचं पासबुक, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, कुणाच्या बाबतीत आईच्या घटस्फोटाचा हुकूमनामा, कुणाचं अपंगत्वाचं प्रमाणपत्र. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना २०२४-२५पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शुल्कमाफी मिळू लागली, ही फार मोलाची गोष्ट. पण सवलत घ्यायची तर कागद द्यावेच लागतात. म्हणजे ज्या घरात अडचण जास्त, त्या घराची माहिती जास्त ठिकाणी पडून. शिवाय अर्ज भरायला सायबर कॅफे आणि प्रिंट काढायला झेरॉक्सवाल्याचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर. तिथल्या संगणकावर कुणाकुणाचे दाखले उतरवलेले असतात, एकदा डोकावून पाहा.

परीक्षा मंडळींचंही तेच. एप्रिल २०२३मध्ये एमपीएससीच्या नव्वद हजारांहून अधिक उमेदवारांची प्रवेशपत्रं टेलिग्रामवर आली होती. त्या गोंधळात चर्चा झाली ती बहुतेक पेपर फुटला की नाही याचीच. उमेदवारांची माहिती फुटली, हे जणू किरकोळ!

कायदा नाही असं नाही. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७मध्ये सांगितलं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम मात्र नोव्हेंबर २०२५मध्ये आले, आणि संस्थांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर दीड वर्षानं, म्हणजे मे २०२७पासून लागू करायचं ठरलं. त्यानुसार माहिती कशासाठी घेतली ते साध्या भाषेत सांगायचं, काम संपल्यावर ती पुसायची, आणि गळती झाली तर ज्याची माहिती गेली त्याला विनाविलंब कळवायचं. सुरक्षेत हयगय झाली तर दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. अठरा वर्षांखालच्यांसाठी पालकांची पडताळलेली संमती हा सर्वसाधारण नियम. बारावी होऊन आलेल्या कितीतरी मुली सतरा वर्षांच्या असतात, हे प्रवेश कक्षाला वेगळं सांगायला नको.

पण तारखेची वाट कशाला बघायची? विद्यापीठं म्हणतात, निधी नाही, माणसं नाहीत. सर्व्हरची सुरक्षा खर्चीक असेल, कबूल. यादीतला एक रकाना पुसायला किती निधी लागतो? कार्यालयातल्या संगणकाचा पासवर्ड पडद्यावर चिकटवून ठेवू नये, यासाठी कोणतं अनुदान हवं? लैंगिक छळाच्या तक्रारीत तक्रारदार बाईची ओळख उघड करायची नाही, असं २०१३चा कायदा बजावतो. ती फाइल ज्या कपाटात असते, त्याची किल्ली कुणाकुणाकडे असते, एवढं प्राचार्यांनी आणि कुलसचिवांनी बघितलं तरी पुष्कळ होईल.

आपणही थोडं चिकट व्हायला हवं. जिथे चालत असेल तिथे शेवटचे चारच आकडे दिसणारं आधार द्यावं. ते डाउनलोड करता येतं. झेरॉक्सवाल्यासमोरच फाइल पुसायला लावावी. "हे कशाला हवं?" असं विचारलं की खिडकीपलीकडचा माणूस वैतागतो, वैतागू दे.

वहिनी आणि आणखी तिघी आया विद्यापीठात जाऊन बसल्या, तेव्हा कुठे यादी निघाली. फोटो अर्थातच फिरतोच आहे. लेक तिथेच राहिली, बाबा कसेबसे तयार झाले. तिनं नवा नंबर घेतलाय, पण आधार आणि शिष्यवृत्ती जुन्या नंबराला जोडलेली, ओटीपी तिथेच येणार. म्हणून जुनं सिम वहिनींच्या एका साध्या फोनमध्ये घातलंय. रात्री अकराला तो वाजतो. वहिनी उचलतात आणि म्हणतात, "तिची आई बोलतेय, काय काम आहे?" पलीकडून फोन बंद होतो.