आस्वाद आणि जीभ

मराठी समीक्षेने 'आस्वाद' हा शब्द इतका झिजवला आहे की त्याचे मूळ जिभेत आहे याचाच विसर पडावा. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात भरतमुनींनी रस समजावून सांगताना दृष्टान्त घेतला तो भोजनाचा. नाना व्यंजनांनी संस्कारलेले अन्न सुमनस माणसे चाखतात, तसे प्रेक्षक नाट्य चाखतात. आपण त्यातले ताट बाजूला सारले आणि नुसता आस्वाद हाती ठेवला. नाशिकला गंगापूर धरणाच्या आसपासच्या द्राक्षमळ्यांत आम्ही काही स्नेह्यांनी ऐन हंगामात एक दिवस निवांतपणे घालवला, तेव्हा या देवघेवीत आपले काय हरवले ते फार स्पष्टपणे जाणवले.

वाईन चाखण्याची एक रीत असते. पेला पांढऱ्या कागदावर धरून आधी रंग पाहायचा, मग तो हलकेच गोल फिरवून वास घ्यायचा, घोट जिभेवर घोळवायचा आणि हवे तर थुंकून टाकायचा. त्यासाठी भांडे ठेवलेलेच असते. (समीक्षकांच्या टेबलावर असे भांडे नसते, ही आपल्या वाङ्मयव्यवहारातली मोठीच उणीव म्हटली पाहिजे.) माहिती देणारा तरुण इथलाच, बोलणे मराठी, पण चवीपाशी आला की तो इंग्रजीत शिरे. सोविन्यों ब्लाँमध्ये गूसबेरी, शेनँ ब्लाँमध्ये पेअर. आता युरोपातली गूसबेरी आमच्यापैकी कुणी खाल्ली होती? कोशात शोधावे तर आवळा हाती लागतो आणि तो मुळी वेगळ्याच झाडाचा. प्रत्यक्षात त्या पेल्यातून येत होता तो चिरलेल्या ढोबळ्या मिरचीचा आणि अर्धकच्च्या पेरूचा वास. ढोबळीचे तर काव्यही नव्हे. तो हिरवा, उग्र वास देणारी द्रव्ये या द्राक्षात आणि त्या मिरचीत एकाच कुळातली असतात. आमच्यातल्या एका बाईंनी 'कैरी' म्हणताच सगळ्यांनी पुन्हा एकदा पेले नाकाशी नेले. नेमका शब्द मिळाला की चव दिसू लागते, हे वर्गात आम्ही किती वेळा सांगितले असेल. तिथे ते घडले.

आपल्याकडे शब्द नाहीत, असे मात्र मुळीच नाही. राजशेखराने काव्यमीमांसेत नऊ काव्यपाक सांगितले आहेत, आणि त्यांची कसोटी आरंभीची व अंतीची चव हीच आहे. निंबाचा पाक दोन्हीकडे बेचव, सुपारीचा आधी उत्तम नि शेवटी नीरस, चिंचेचा दोन्हीकडे मध्यम, नारळाचा आद्यंत रसाळ. आणि मृद्वीकापाक, म्हणजे द्राक्षाचा, आरंभी नीरस पण अखेरीस स्वादिष्ट. पहिला घोट कसा लागतो आणि गिळल्यावर काय उरते, हेच तर वाईनचे जाणकारही विचारतात! पण ही यादी आपण परीक्षेपुरती पाठ करून घेतो आणि पुस्तक परीक्षणात 'तरल', 'गहिरे', 'अस्वस्थ करणारे' यांवर भागवतो. हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चालतात, म्हणून ते निरुपयोगी.

जेवण उशिरा झाले आणि लांबले. झणझणीत रश्शाबरोबर किंचित गोडसर शेनँ ब्लाँ उत्तम जाते. तुरट लाल वाईन मात्र तिखटापुढे नुसतीच भांडते. असो.

आम्हांला अधिक खुपते ते वेगळेच. चाखण्याच्या दालनापासून मळा हाकेच्या अंतरावर, आणि तिथली भाषा समृद्ध आहे. एप्रिलमधली खरड छाटणी, पावसाळा सरल्यावरची गोडी छाटणी, घड, मणी, विरळणी. खाण्याच्या द्राक्षाचा मणी फुगवायचा आणि वाईनच्या द्राक्षाचा लहानच ठेवायचा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, हे आम्हांला ज्या मजूर बाईंनी समजावले, त्यांच्या वाक्यात एकही शब्द उसना नव्हता. त्याच द्राक्षाचा रस आंबून बाटलीत शिरला की त्यांची भाषा दाराबाहेर थांबते. राज्य शासनाचे द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण २००१ साली आले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विकू देण्याचा निर्णय जाहीर झाला, तेव्हा ती दारू की शेतमाल यावर रकानेच्या रकाने लिहिले गेले. वाद आवश्यकच होता. दारूने घरे उद्ध्वस्त होताना पाहिलेल्यांचा राग आम्ही हलका लेखत नाही. पण ती लागते कशी, याविषयी मराठीत लिहिलेले त्यात आमच्या वाचनात आले नाही.

नुसते प्रतिशब्द घडवून हे साधणार नाही. 'टॅनिन'ला नवे नाव देण्याची गरजच नाही, कारण 'तुरट' आहे. त्या शब्दाच्या छटा मात्र करायला हव्यात: कच्च्या केळ्याचा तुरटपणा निराळा, सुपारीचा निराळा, जांभळाने जीभ जड होते तो निराळा. त्या दिवशीच्या शिराझला आम्ही जांभूळ म्हटले. आमच्यातल्या एका संस्कृतच्या प्राध्यापकांना ते पटले नाही. त्यांच्या मते तो सरळ सरळ क्रमुकपाक होता, आरंभी उत्तम आणि शेवटी काहीच नाही.