देवमाशाचा श्वास, बशीतले थेंब

देवमासा वर येतो, फुस्सकन फवारा सोडतो. त्या फवाऱ्यातून ड्रोन जातो आणि त्याला लावलेल्या बशीत चिकट थेंब जमतात. किळसवाणे खरे, पण उत्तर नॉर्वेच्या समुद्रात अशाच थेंबांतून मॉर्बिलीव्हायरस हाती लागला. हा गोवराचा भाऊबंद. याच कुळातल्या विषाणूने १९८८मध्ये वायव्य युरोपच्या किनाऱ्यांवर सुमारे १८ हजार सील मारले होते.

दक्षिण गोलार्धात थैमान बर्ड फ्लूच्या एच५एन१ विषाणूचे. २०२३मध्ये अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पावर हत्ती सीलची १७ हजारांहून अधिक पिल्ले दगावली. जानेवारी २०२४मध्ये साउथ जॉर्जिया बेटावरच्या सीलमध्येही तोच एच५एन१ सापडला.

तिथे संशोधकांच्या वाट्याला बव्हंशी कलेवरेच आली. म्हणूनच जिवंत जनावर तपासणाऱ्या बशीसाठी दरवर्षी, साथ नसतानाही, पैसा निघायला हवा.