उलट्या रेघेची निवड

आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची चाल ज्या घरांत आहे, तेथें एकाच नांवाचे दोघे चुलतभाऊ असणें नवलाचें नाहीं. 'थोरल्या पातीचा विष्णु', 'धाकट्या पातीचा विष्णु' असें म्हटलें कीं घोटाळा मिटतो. संगणकाच्या भाषांनाही हीच अडचण येते. अनेकांनीं लिहिलेल्या आज्ञावल्या एकत्र जुळवितांना दोघांनीं आपापल्या कृतीला एकच नांव दिलेलें आढळतें. म्हणून नांवाच्या आधीं त्याच्या पातीचा उल्लेख करतात. या पातीस 'नामक्षेत्र' म्हणूं. आतां पात आणि नांव यांच्यामध्यें चिन्ह कोणतें घालावें?

प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण पी.एच्.पी. या भाषेच्या चालकांना त्यानें चांगलाच घाम फोडला. रास्मुस लेरडोर्फ यांनीं १९९५ सालीं ही भाषा लोकांपुढें ठेविली, तेव्हां तींत नामक्षेत्रें नव्हतीं. पुढें गरज भासली, तोंवर सोईचीं चिन्हें वांटलीं गेलीं होतीं. जावा भाषेंत या कामीं साधें टिंब चालतें. येथें टिंब मजकुराचे तुकडे जोडण्यांत गुंतलेलें. सी++ प्रमाणें दुहेरी अपूर्णविराम घ्यावा, तर तो वर्ग आणि त्याची कृति यांच्यामध्यें आधींच बसलेला. तरी प्रथम तोच घेऊन पाहिला. परंतु 'लेखा::मोज()' असें लिहिल्यावर 'लेखा' ही पात समजावी कीं वर्ग, असा पेंच पडूं लागला.

अखेर २००८ च्या ऑक्टोबरांत चालकमंडळी निर्णयास बसली. तीन अपूर्णविराम, दोन तारका, दोन टक्केचिन्हें असे पर्याय पुढें आले. टंकण्यास सोपें, हातून चुकण्यास अवघड आणि यंत्रास निःसंदिग्ध, अशा कसोट्या लावून निवड झाली ती '\' या उलट्या तिरप्या रेघेची. मग कुरबूर उठली. चिन्ह कुरूप आहे. जर्मन कळफलकावर तें उमटविण्यास दुसरी कळ धरून ठेवावी लागते. दुहेरी अवतरणांत त्यापुढें लहान रोमन 'एन्' आल्यास यंत्र तेथें नवी ओळ समजतें. हे आक्षेप खोटे नव्हते. तरीही ३० जून २००९ रोजीं निघालेल्या ५.३ या आवृत्तींत तीच रेघ आली आणि आजही तीच चालू आहे. लक्षावधि ओळी तिच्यासह लिहिल्या गेल्यावर ती बदलणार कोण?

आमच्या मतें निवड योग्यच झाली. कुरूप चिन्हाची डोळ्यांस संवय होते. दुहेरी अर्थाची संवय कोणासच होत नाहीं. चूक असेल तर ती निवडीची नसून उशिराची. घर बांधतांना पुढच्या पिढीच्या खोल्यांचा विचार झाला नाहीं, कीं मागाहून जागा मिळते ती जिन्याखालचीच. आपल्या घरांतील एखादा तरुण या रेघेला नांवें ठेवूं लागला, तर वाचकांनीं त्यास एवढेंच विचारावें: "बाबा रे, तुझ्या चिन्हांत उद्यांसाठीं एखादें राखून ठेविलें आहेस काय?"