पुरस्कारानंतरचं पान

खेडवरून वाहत जाणारी जगबुडी पुढे वाशिष्ठीला मिळते. तिच्या काठचं तुंबाड हे खेड तालुक्यातलं गाव महाराष्ट्राला ठाऊक झालं ते श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’मुळे. खोतांच्या चार पिढ्यांची ही दोन खंडांतली, हजारावर पानांची कादंबरी १९८७ साली आली. पेंडशांचा जन्म १९१३ चा, शेजारच्या दापोली तालुक्यातल्या मुर्डीचा. म्हणजे तेव्हा त्यांचं वय ७४.

तोवर लेखकाला जे मिळायचं ते सगळं त्यांना मिळून चुकलं होतं. १९५२ च्या ‘गारंबीचा बापू’वर नाटक झालं, चित्रपट आला, बापू घराघरांत पोचला. ‘रथचक्र’ला १९६३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उरलेलं आयुष्य त्यांनी सत्कार घेत काढलं असतं, तरी कुणी बोट दाखवलं नसतं.

प्रसिद्धीने लेखक बिघडला असं म्हणताना आपल्या मनात त्याचा ताठा असतो. मला त्याहून मोठा धोका वाचकांच्या प्रेमात दिसतो. ‘आणखी एक बापू येऊ दे’ ही मागणी प्रेमाचीच असते आणि प्रकाशकालाही ती सोयीची असते. स्वभावाने अगदी साधा राहिलेला लेखकसुद्धा तिच्यापुढे वाकतो आणि तिथेच त्याचं लेखन थांबतं. पेंडसे वाकले नाहीत. बापूसारखा रांगडा नायक गाजलेला असताना ‘रथचक्र’च्या केंद्रस्थानी त्यांनी एक कोकणी बाई ठेवली, मुलांच्या शिक्षणासाठी झिजणारी. तिला नावसुद्धा दिलं नाही. ती फक्त ‘ती’. अकादमीचा मान मिळाल्यावर, १९६६ साली, ‘लव्हाळी’ आली. ती मुंबईतल्या सामान्य कारकुनाची रोजनिशी. गारंबीला ते परतले, ‘गारंबीची राधा’ लिहिली, पण ती तुंबाडच्याही नंतर. आणि यातलं कितीतरी लेखन बेस्टमधली नोकरी सांभाळून झालेलं आहे. मान्यतेने न बदललेला लेखक मी याला म्हणतो. प्रत्येक पुस्तकाला तो नवखेपणानेच बसला.

आज कोकणात उत्तम लिहिणारी तरुण मुलं-मुली आहेत. पहिल्या पुस्तकाला एखादा पुरस्कार मिळाला की आपण त्यांच्या नावाचा बॅनर चौकात लावतो, शाल-श्रीफळ देतो, पाठोपाठ उद्घाटनं आणि स्पर्धांचं परीक्षकपद त्यांच्या गळ्यात घालतो. कौतुक हवंच; इतक्या लांबच्या गावांतून लिहिणाऱ्याला त्याची भूक असते. पण वर्ष-दोन वर्षं हेच चाललं, तर दुसरं पुस्तक लिहायचं कधी?

खेडकरांना एवढीच विनंती आहे. गावातल्या लेखकाला यंदा एका कार्यक्रमाचं बोलावणं कमी पाठवा. त्याचं पुढचं पुस्तक येईल तेव्हा मात्र ते विकत घ्या आणि पहिल्यासारखं नसलं तरी शेवटपर्यंत वाचा.