खेळाडूचा आकस्मिक मृत्यू : दोष मैदानाचा नव्हे

ऐन तारुण्यातला, दिसायला धडधाकट खेळाडू मैदानावर कोसळतो, रुग्णालयात नेईपर्यंत सारे संपलेले असते आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात चार ओळी छापून येतात : हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन. या चार ओळींनी हळहळ व्यक्त होते; कारण मात्र कळत नाही. आणि कारण कळले नाही की तर्कांना ऊत येतो. कुणी अतिव्यायामाला दोष देतो, कुणी व्यायामशाळेतल्या पावडरींना, कुणी करोनाच्या लशीला, तर कुणी नशिबाला. जून २०२४ मध्ये ठाणे जिल्ह्यातील मीरा रोड भागात षटकार मारल्यानंतर लगेचच कोसळलेल्या एका गृहस्थाची चित्रफीत घराघरांत पोचली. अशा चित्रफितींतून भय तेवढे पसरते; बोध काहीच होत नाही.

वागळे इस्टेटसारख्या वसाहतीत या भयाची किंमत मोठी आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाने साठच्या दशकात वसविलेल्या या परिसरात आज अनेक कारखान्यांच्या जागी काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. परंतु किसननगर, श्रीनगर, रामनगर येथील कामगार-कुटुंबांतल्या मुलांना खेळ हा केवळ विरंगुळा नाही. कबड्डीतले प्रावीण्य पोलीस दलाचा, रेल्वेचा किंवा बँकेचा दरवाजा उघडून देऊ शकते. म्हणून धास्तावलेल्या आईने मुलाचे मैदान बंद करणे हे जितके नुकसानीचे, तितकेच धावताना घेरी आलेल्या मुलाला प्रशिक्षकाने ‘उन्हाने झाले असेल’ म्हणून पुन्हा मैदानात उतरविणे घातक. दोन्ही चुकांच्या मुळाशी एकच अज्ञान आहे.

झटका वेगळा, हा विकार वेगळा

पहिला गैरसमज शब्दातलाच आहे. ज्याला सर्रास ‘हार्ट अ‍ॅटॅक’ म्हटले जाते, त्यात हृदयाला रक्त पुरविणारी रोहिणी तुंबते. पस्तिशीनंतर खेळताना येणाऱ्या मृत्यूंमागे बहुधा हेच कारण असते आणि धूम्रपान, मधुमेह, रक्तदाब यांचा त्यात मोठा वाटा असतो. पस्तिशीच्या आतल्या खेळाडूंचे पुष्कळसे मृत्यू मात्र निराळ्या जातीचे असतात. कारखान्यात काम करणाऱ्याला हा भेद सहज उमगेल : पाण्याचा नळ तुंबणे वेगळे आणि पंपाच्या घडणीतच दोष असून त्यामुळे विजेची जोडणी बिघडणे वेगळे.

या दुसऱ्या प्रकारातला प्रमुख विकार म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, अर्थात हृदयाच्या स्नायूची विकृत जाडी. डोनाल्ड टीअर या लंडनच्या विकृतिशास्त्रज्ञाने १९५८ साली त्याचे आधुनिक वर्णन प्रसिद्ध केले. हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची भिंत एरवी सुमारे एक सेंटिमीटर जाडीची असते. या विकारात ती रक्तदाबासारखे अन्य कारण नसताना दीड सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक जाड होते. शिवाय स्नायूंचे तंतू ओळीने रचलेले नसून विस्कटलेले असतात. अशा विस्कटलेल्या तंतूंतून जाणारा विद्युत्प्रवाह कधी कधी भरकटतो. हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरते आणि रक्ताभिसरण क्षणात थांबते. पाचशे माणसांत सुमारे एकाला हा विकार असतो, असे मानले जाते. म्हणजे तो दुर्मिळ खचितच नव्हे. मात्र तरुण खेळाडूचा प्रत्येक आकस्मिक मृत्यू याच विकाराने होतो असेही नाही. काहींच्या हृदयाची रचना निर्दोष असते आणि दोष केवळ विद्युत्-व्यवस्थेत असतो.

दुसरा गैरसमज असा, की पीळदार शरीर हे निरोगी हृदयाचे प्रमाणपत्र होय. कॅमेरूनचा फुटबॉलपटू मार्क-व्हिव्हियन फोए २६ जून २००३ रोजी लिआँ येथे कोलंबियाविरुद्धच्या सामन्यात कोसळला, तेव्हा तो अवघा अठ्ठावीस वर्षांचा होता. इंग्लंड-फ्रान्समधल्या नामांकित संघांतून तो खेळला होता. शवविच्छेदनात त्याच्या हृदयात हाच विकार आढळला. ताकद आणि आरोग्य या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

याच्या उलट बाजूचाही एक गैरसमज आहे. वर्षानुवर्षे कसून सराव करणाऱ्याचे हृदय स्वाभाविकपणेच थोडे मोठे आणि थोडे जाड होते. हा विकार नव्हे. ती शरीराने परिश्रमाशी घेतलेली जुळणी होय, आणि सराव थांबविल्यास ती बहुधा ओसरते. अहवालातला ‘जाड’ हा एक शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही. दोहोंतला फरक हृदयरोगतज्ज्ञाने ठरवावयाचा असतो. शेजाऱ्याने वा व्यायामशाळेच्या चालकाने नव्हे.

कुटुंबातले मौन

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज मैदानाबद्दलचा आहे. व्यायामाने हा विकार जडत नाही. विकार असलेल्या काहींच्या बाबतीत तीव्र श्रम हे निमित्त ठरू शकते. पण मूळ असते ते जनुकात. या विकाराला कारणीभूत होणारा पहिला जनुकीय दोष १९९० साली उलगडला. आई किंवा वडील यांपैकी एकात असा दोष असेल, तर प्रत्येक अपत्यात तो उतरण्याची शक्यता निम्मी असते; मग ते अपत्य मुलगा असो वा मुलगी. एकाच दोषाने एका भावाला त्रास होतो, दुसरा सत्तरीपर्यंत सुखाने जगतो, हेही घडते.

यातून निघणारा निष्कर्ष साधा आहे, पण समाजाला तोच रुचत नाही. एका तरुणाचा असा मृत्यू झाला, तर त्याच्या आईवडिलांची, भावंडांची आणि मुलांची तपासणी व्हावयास हवी. प्रत्यक्षात होते ते उलटे. शवविच्छेदन नको म्हणून नातेवाईक आर्जवे करतात. मृत्यूचे कारण ‘झटका’ एवढेच नोंदविले जाते. आणि धाकट्या बहिणीचे लग्न मोडू नये म्हणून विषयावर कायमचा पडदा टाकला जातो. सूनबाईच्या माहेरून ‘वाईट रक्त’ आले, अशी कुजबुजही कुठे कुठे होते. हे मौन क्रूर आहे, कारण ज्या भावंडांची अब्रू जपण्यासाठी ते पाळले जाते, त्यांच्याच जिवावर ते बेतू शकते. जनुकीय दोष हे कुणाचे पाप नव्हे. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधकांच्या पुढाकाराने २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, हृदयस्नायूंच्या विकाराशी निगडित असा एक जनुकीय बदल भारतीय उपखंडातल्या सुमारे चार टक्के लोकांत आढळला. तो असणारे सर्वच आजारी पडतात असे मुळीच नाही. पण आपल्या घराण्यातच तेवढा दोष निघाला म्हणून लाजण्यात अर्थ नाही, एवढे तरी त्यावरून कळावे.

लशीच्या आरोपाचीही तपासणी झाली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने देशातील ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने अठरा ते पंचेचाळीस वयोगटातल्या अनपेक्षित मृत्यूंचा अभ्यास करून २०२३ मध्ये निष्कर्ष मांडले. लसीकरणाने असा धोका वाढल्याचे त्यात दिसले नाही. मात्र घराण्यात आकस्मिक मृत्यू झालेला असणे, करोनामुळे पूर्वी रुग्णालयात राहावे लागलेले असणे, मृत्यूच्या आधीच्या दोन दिवसांत अतिमद्यपान किंवा अतितीव्र श्रम केलेले असणे, यांचा संबंध आढळला. घराण्याच्या इतिहासाची चौकशी किती मोलाची, हे येथे पुन्हा दिसते.

निदान म्हणजे अखेर नव्हे

निदान झाले की आयुष्य संपले, ही समजूतही आता टिकणारी नाही. योग्य उपचार घेणाऱ्या रुग्णांत आकस्मिक मृत्यूचे प्रमाण वर्षाला शंभरात एकाहूनही कमी आहे. औषधे आहेत, शस्त्रक्रिया आहेत, आणि ज्यांना धोका अधिक त्यांच्या छातीत बसविता येणारे, बिघडलेली लय विजेच्या आघाताने ताळ्यावर आणणारे छोटे यंत्रही आहे. असे यंत्र मनुष्याच्या शरीरात प्रथम बसविले गेले ते १९८० साली, अमेरिकेत. पूर्वी अशा रुग्णाला खेळ सरसकट वर्ज्य सांगितला जाई. आज बेताचा व्यायाम हितकर मानतात. वैद्यकीय देखरेखीखालील सुमारे साडेसोळाशे व्यक्तींच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जोमदार व्यायाम करणाऱ्यांना इतरांहून अधिक धोका आढळला नाही. याचा अर्थ मनाला येईल तसे धावावे असा नव्हे; तज्ज्ञाशी विचारविनिमय करून प्रत्येकाने आपली मर्यादा ठरवावी, असा आहे.

काय करता येईल?

सर्व खेळाडूंची सक्तीने तपासणी करावी काय, यावर जगात एकमत नाही. इटलीने १९८२ पासून स्पर्धात्मक खेळाडूंना विद्युत्-आलेखासह तपासणी सक्तीची केली आणि तेथील व्हेनेतो प्रांतात मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ नव्वद टक्क्यांनी घटल्याचे २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. इस्रायलने १९९७ मध्ये तसाच कायदा केला. तेथे मात्र फरक दिसला नाही, असे २०११ च्या अभ्यासाने सांगितले. हा वाद मिटेपर्यंत हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. खेळताना कधी शुद्ध हरपली काय? श्रमात छातीत दुखते किंवा अकारण धाप लागते काय? घरात पन्नाशीच्या आत कुणी एकाएकी दगावले काय? हे तीन प्रश्न शाळेतला शिक्षकही विचारू शकतो. त्यांना एक पैसाही लागत नाही. एकाचेही उत्तर ‘होय’ आले, तर ईसीजी आणि टू-डी एको ही तपासणी टाळता कामा नये. स्टेथोस्कोप न लावता सही केलेला दाखला मात्र निव्वळ आत्मवंचना होय. राज्य कामगार विमा योजनेत विमाधारक कामगाराच्या कुटुंबीयांनाही वैद्यकीय सेवेचा हक्क आहे आणि त्या योजनेचे रुग्णालय वागळे इस्टेटीतच उभारले गेले. या हक्काचा उपयोग झाला पाहिजे.

तपासणीतूनही काही जण निसटणारच. त्यांच्यासाठी मैदानावरची तत्परता हाच आधार. गोव्याच्या धेंपो संघाचा ब्राझिली आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनिअर ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूरला अंतिम सामन्यात दोन गोल करून कोसळला आणि वाचला नाही. मार्च २०१२ मध्ये त्याच शहरातल्या एका सामन्यात कोसळलेल्या खेळाडूला रुग्णवाहिकेअभावी रिक्षातून न्यावे लागले. त्याचाही अंत झाला. त्याच महिन्यात लंडनमध्ये फॅब्रिस मुआंबाचे हृदय ७८ मिनिटे बंद होते. छातीवर दाब देणे अखंड चालू राहिले, विजेचे आघात दिले गेले, आणि तो जगला. २०२१ मध्ये डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सनही तसाच बचावला. या सर्वांचे विकार एक नव्हते. पण वाचविणारा उपाय एकच होता. उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. तीन हात नाक्यावरच्या कोंडीत सापडलेली १०८ ची रुग्णवाहिका येईपर्यंत छाती दाबणारे दोन प्रशिक्षित हात हजर हवेत.

ठाण्यात वर्षा मॅरेथॉन होते, दहीहंडीचे थर लागतात, कंपन्यांचे आणि मंडळांचे सामने होतात. करंडकावर आणि मंडपावर होणाऱ्या खर्चातला एक अंश डिफिब्रिलेटरसाठी आणि कार्यकर्त्यांच्या प्रशिक्षणासाठी काढणे मुळीच अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत यंत्र हाताळण्यास शिकणारा विद्यार्थी हे तंत्र एका दुपारी आत्मसात करील. मैदाने ओस पाडून हा विकार हटणार नाही, कारण तो मैदानात जन्मलेलाच नाही. घरातले मौन सुटले, दाखल्यातला खोटेपणा गेला आणि मैदानाच्या कडेला जाणते हात उभे राहिले, तर मात्र कित्येक तरुण वाचू शकतील.